सरकलेल्या छापाचा रुपया

टांकसाळीच्या चुका पकडायला देवाने खास माझ्या धाकट्या मामांना मुलुंडमध्ये जन्माला घातलं होतं, याबद्दल निदान मामांना तरी शंका नव्हती. ऐंशीच्या दशकात ते दिवसभर कारखान्यात बोल्टचे आटे तपासत आणि संध्याकाळी मुलुंडभरचे सुटे पैसे. बसच्या कंडक्टरने परत दिलेलं नाणं ते दारातच भिंगाखाली धरत आणि मागची माणसं त्यांच्या नावाने ओरडत. आरतीचं तबक त्यांच्यापुढे आलं की भटजी ते घाईने पुढे नेत, कारण मामा पैसे टाकायचे सोडून आतलीच नाणी उलटून बघत बसायचे. आम्हा भाचरांना त्यांचा एकच उपदेश असे. "नाणं कधी घासायचं नाही. घासलं की वाट लागली."

अकरा वर्षं असं शोधल्यावर त्यांना एक रुपया सापडला. छाप एका बाजूला सरकलेला आणि दुसऱ्या कडेला कोऱ्या धातूची चंद्रकोर. मामांनी तो कापसात गुंडाळून डबीत ठेवला. माझ्या लग्नाच्या सकाळी अहेराच्या पाकिटात नोटेबरोबर घालायला मामीला वरचा रुपया हवा होता. घाईत डबी हाताला लागली, आणि एवढा जपून ठेवलाय म्हणजे अहेरासाठीच असणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामा घाटकोपरला आमच्या दारात हजर. रुपया घेतल्याशिवाय हलणार नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं. आम्ही आत गेलो. रुपया देव्हाऱ्यात होता. माझ्या नव्या नवरीने देवांबरोबर तोही चिंच आणि रांगोळी लावून लख्ख घासला होता.

"मामांच्या हातचा पहिला अहेर," ती म्हणाली. "जन्मभर जपणार मी."

तिच्याकडे पाठ करून मामांनी भिंग काढलं आणि ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. तिला वाटलं, नमस्कार करताहेत.

"झकास दिसतोय गं सुनबाई," ते म्हणाले.

जिन्यात मी म्हणालो, तिला समजावून सांगतो आणि उद्याच रुपया आणून देतो. मामा थांबले. "एक शब्द बोलायचा नाही तिला. मी दुसरा शोधीन रे."

त्यांनी शेवटपर्यंत शोधला. मिळाला नाही. दर महिन्याला मात्र ते आमच्याकडे येत आणि चपला काढल्या की थेट देव्हाऱ्यापुढे वाकत. मामांइतका देवभोळा माणूस पाहिला नाही, असं बायको अजून सांगते. मीही तिला काही बोललेलो नाही.

तिने दर सणाला घासून घासून रुपयावरचे सिंह आता पुसट झालेत. मामांचं भिंग माझ्याकडे आहे. सुटे पैसे हातात आले की मी खिडकीशी जाऊन एकेक नाणं बघतो. दुसरा सापडलाच, तर तो मी कुणालाही घासू देणार नाही.