आप्पांचं नाक

माझ्या एका खोट्यानं वडिलांचा धंदा संपला. गाव सोडून गेलेल्यांना आणि मागं राहिलेल्यांना, दोघांनाही हे सांगायचं आहे.

नांदेडला आमचं पाइपच्या तंबाखूचं लहान दुकान होतं. गिऱ्हाईक मोजकं; वकील, डॉक्टर, जुने अंमलदार. आप्पा डोळे मिटून, नुसतं हुंगून पान ओळखत. पिवळं व्हर्जिनिया पान मुळातच गोड, त्याला वरून साखरेचा पाक सोसत नाही. तपकिरी बर्ली जाड, कोरडं, ते सुवासाचा पाक पिऊन घेतं. "आधी पान बघावं, मग पाक," असं ते म्हणायचे.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात मी डॉक्टरकीच्या कोचिंगसाठी लातूरला निघालो. त्या सकाळी आप्पांनी बर्लीवर पाक घालायला सांगितलं. पोतं माळ्यावर होतं आणि एसटीची वेळ झाली होती. मी हाताशी असलेल्या पिवळ्या पानावर पाक ओतला, झाकण लावलं आणि पळालो. पाकात सगळंच पान काळपट दिसतं.

पंधरा दिवसांत डबे परत यायला लागले. "आप्पा, हे ओढायचं का चाटायचं?" वकीलसाहेबांनी भर दुकानात विचारलं. आप्पांनी मला होस्टेलवर फोन केला.

"पान जाडच घेतलं होतं न्हवं?"

"हाव."

"मला तर डब्यात पिवळ्याचाच वास येतोय. मंग माझंच नाक गेलं. ढिगाऱ्यातला वास बसलाय त्यात."

भूकंपात ते आठ दिवस मढी काढायला गेले होते. त्या फोननंतर, आई सांगायची, एकेक पान तीन-तीनदा हुंगायचे आणि खाली ठेवून द्यायचे. वर्षभरात दुकान बंद झालं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी मला गादीवर बसवणार नव्हतं.

डॉक्टर मी झालो नाही. लातूरलाच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. फ्लॅट आहे, टेस्ट सिरीज आहे, घरं सोडून आलेली पोरं समोर आहेत. आणि ज्या घरात आप्पांच्या नजरेला नजर देता येत नाही, त्यालाच मी अजून माझं घर म्हणतो.

यंदा गेलो. आप्पांना आता खरोखरच वास येत नाही. शेजारी दूध करपलं तरी कळत नाही.

"क्लास बुडवून आलास का रे मास्तर?" त्यांनी चिडवलं.

मी त्यांच्या पायाशी बसलो. "आप्पा, ते पान पिवळं होतं. माळ्यावर चढायचा कंटाळा केला मी, आणि फोनवर खोटं बोललो. तुमचं नाक शाबूत होतं, आप्पा. मला माफ करा."