जोडाच्या आतलं कुंकू

आमच्या शेडचा पत्रा दुपारी तापतो आणि टिक टिक वाजतो. इतकी वर्षं मी त्याच्याखाली सोफे, पलंग, देव्हारे केले, तो आवाज कधी माझ्या कानावर आला नव्हता. लेकीसाठी धनुष्य केलं त्या वर्षी मात्र पत्रा वाजला की मी हातातलं काम टाकून धनुष्याकडं बघायचो. वाटायचं, हा पत्रा नव्हे, जोड सुटला.

मी नांदेडला फर्निचर करतो. लेक कॉलेजात आहे आणि लाकडी धनुष्याच्या गटात खेळते. तिचं जुनं बांबूचं धनुष्य पावसाळ्यात चिरलं, आणि दिवाळीनंतर लातूरला स्पर्धा होती. तिचे सर म्हणाले, वडील सुतार आहेत तर थरांचं धनुष्य करा की. पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या आणि साच्यावर वाकवायच्या. मी छाती फुगवून हो म्हणालो. जाता जाता सरांनी सांगितलं, की ओढलेल्या धनुष्याचा थर सुटला तर पट्टी उलटी तोंडावर येते, आणि नेम धरताना पोरीचा डोळा उघडाच असतो. माझी छाती तिथेच बसली.

खुर्चीचा जोड सुटला तर माणूस फार तर आपटतो आणि बघणारे हसतात. इथे डोळ्याशी गाठ होती. म्हणून गोंद निवडण्यात मी घरच्यांचं डोकं खाल्लं. पांढऱ्या गोंदावर माझा सगळा धंदा चालतो, पण सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. एकदा वाकवलेल्या पाठीची खुर्ची केली होती. ती एक उन्हाळा या पत्र्याखाली राहिली आणि तिची पाठ सरळ व्हायला लागली. वडील सरस वापरायचे, जनावराच्या कातड्याचा, डब्यात शिजवून. त्याची ताकद मोठी, पण ओल लागली की तो सोडतो. शेवटी दोन डब्यांचा गोंद घेतला, एका डब्यातला दुसऱ्यात मिसळला की घट्ट होणारा. त्यातलाही सावकाश सुकणारा, कारण झटपटवाला मी ग्लासात जास्त कालवला तेव्हा तो आपोआप तापला आणि त्यातून धूर निघाला. बायको म्हणाली, गोंद आणला का फटाके.

तुकडे चिकटवून ते पटाशीनं उचकटून बघायचो. लाकूड फाटलं पाहिजे, जोड सुटता कामा नये, एवढी एकच परीक्षा. सागवान त्यात नापास झालं. त्याच्या अंगातच तेल असतं, आणि तेल म्हणजे गोंदाचा वैरी. मग बाहेरून किनवटकडच्या बांबूच्या पट्ट्या आणि मध्ये लालसर बाभूळ, असं ठरलं. शिकंजा करकचून आवळायची माझ्या हाताला सवय. पण हा गोंद जास्त दाबला तर सगळा बाहेर पळतो आणि जोड उपाशी राहतो. म्हणून पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबा आणल्या आणि त्यांच्या पट्ट्या गुंडाळून बेताचाच दाब द्यायचं ठरवलं. पट्ट्या घासल्या, स्पिरिटनं पुसल्या, वर्तमानपत्राखाली झाकल्या आणि घरात फर्मान काढलं की कुणी बोट लावायचं नाही. बोटालाही तेल असतं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांना हात लावत नाहीत, फक्त पूजा होते. दसऱ्याला सकाळीच मी गोंद कालवला. शेजारी सोनं द्यायला आले तेव्हा माझे दोन्ही हात चिकट, मी कोपर पुढे केलं. सुकल्यावर धनुष्य घडवलं, तासलं, दोरी चढवली. लेकीनं पहिल्याच आठवड्यात त्यावर हात बसवला. सर खूश, लेक त्याहून खूश, आणि मी गल्लीत मिशीला पीळ देत फिरत होतो.

दिवाळीचा फराळ करताना बायको सहज बोलून गेली. "तुम्ही उगीच घोर करता. माहूरचं कुंकू हाय त्या धनुष्यात. मी स्वतः लावलंय."

मी विचारलं, कुठं लावलं?

तिनं सांगितलं. खंडेनवमीला करवतीला, रंध्याला कुंकू लावलं. लोखंडाला कोरडं कुंकू धरत नाही म्हणून तेलात कालवलं होतं. पोरीचं धनुष्य तेवढं देवीवाचून कसं राहील, म्हणून वर्तमानपत्र उचलून मधल्या पट्टीला एक बोट टेकवलं. मग माझं फर्मान आठवलं, तेव्हा पदरानं पुसून टाकलं. बाभूळ लालसर, त्यात कुंकू मला दिसलं नसणार. कोणत्या अंगाला लावलं, वरच्या टोकाकडं की खालच्या, ते तिला आठवेना. ती चकलीचा सोऱ्या फिरवत हसत होती.

तिनं मायेनं केलेलं, त्यावर तेल-गोंदाचं शास्त्र कुठं झाडायचं. लेकीला म्हणालो, पॉलिश राहिलंय, आणि धनुष्य शेडमध्ये आणलं. भिंतीला कप्पी लावून दोरीनं लांबूनच ओढायचो, स्वतः दाराआड उभा राहून. धनुष्य वाकायचं, सरळ व्हायचं. उन्हात ठेवून ओढलं, तरी काही झालं नाही. पण चिकटलेला जोड म्हणजे झाकली मूठ, आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. शंभरदा टिकलं म्हणून पुढच्या वेळी टिकेलच असं कुणी सांगावं? तेवढ्यात वर पत्रा वाजायचा आणि मी डोळ्यांवर हात धरायचो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. धनुष्य द्यावं तर भीती, न द्यावं तर लेकीची स्पर्धा जाते. ती रोज दारात येऊन विचारायची, पप्पा, पॉलिश वाळलं का?

लातूरला निघायच्या आदल्या दिवशी बायको शेडमध्ये चहा घेऊन आली. तिनं कप्पी बघितली, दाराआडचा मी बघितला आणि चहा खाली ठेवून म्हणाली, काय लपवून राहिलात? मग मला सांगावंच लागलं, तेल, जोड, डोळा, सगळं. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर म्हणेल देवी सांभाळून घेईल. तिनं कप्पीची दोरी सोडवून धनुष्य माझ्या हातात दिलं.

"मोडा," ती म्हणाली. "देवी राखंल, पण डोळा माझ्या पोरीचा हाय. मोडा तुम्ही."

ते सुखासुखी मोडेना. मधोमध कापून पटाशी घातली, हातोडी मारली. बांबू फाटत होता, बाभळीच्या कपच्या निघत होत्या, आणि जोड काही सोडत नव्हता. इतका चांगला जोड मी आयुष्यात लावला नव्हता, आणि आता तोच फोडत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग वरच्या अर्ध्यात, जिथं धनुष्य सगळ्यात जास्त वाकतं तिथं, पट्टी अलगद उचलली गेली. बोटाच्या पेराएवढी जागा गुळगुळीत होती, किंचित गुलाबी. तिथं लाकूड फाटलं नव्हतं. गोंद नुसता वर बसला होता.

तेवढ्या जागेनं धनुष्य तुटलं असतं का? मला आजही सांगता येत नाही. कदाचित जन्मभर टिकलं असतं. बायकोनं त्या जागेवर अंगठा ठेवून बघितला आणि चहाचा कप उचलून गेली.

लेक मैत्रिणीचं धनुष्य घेऊन लातूरला खेळली आणि पहिल्याच फेऱ्यांत मागे पडली. येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली होती. खरं कारण तिला आईनंच सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ती आमच्या दोघांशीही धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आली आणि नव्या पट्ट्या घासायला बसली.

नव्या धनुष्याला गोंद लावायच्या दिवशी बायको ताट घेऊन शेडच्या दारापर्यंत आली. तिनं आत पाऊल टाकलं नाही. मला बाहेर बोलावलं, म्हणाली हात पुढं करा. दोन्ही तळहातांवर तिनं माहूरच्या कुंकवाचं एकेक बोट टेकवलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मग ताटाखाली धरलेली स्पिरिटची बाटली आणि स्वच्छ फडकं माझ्यापुढं केलं.

"आता पुसा," ती म्हणाली.