चोवीस तासांचा कॅन

शेजारच्या वहिनींचा मला हेवा वाटायचा, हे सांगून टाकलेलं बरं. लखनौच्या चारबाग स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्या रत्नागिरीच्या, मी सोलापूरची. माझा नवरा संध्याकाळी त्यांच्या यजमानांशी बुद्धिबळ खेळायला जायचा आणि वहिनींच्या हातची वाटीभर आमटी पिऊन यायचा. घरी येऊन वर तिचं कौतुक. माझ्या पोटात दुखायचं.

त्यात यांचे पाय सुजायला लागले आणि लघवीला फेस दिसायला लागला. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं काम गुर्द्यांचं, म्हणजे मूत्रपिंडांचं. रोजच जास्त आलं की अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो, आणि त्या दाबाने गुर्द्यातल्या बारीक गाळण्या हळूहळू कडक होतात. मग त्यातून प्रोटीन गळतं, तोच तो फेस. वर्षानुवर्षं गुर्दा तक्रार करत नाही. म्हणजे लग्नापासूनचे माझे पापड, ठेचे आणि लोणची त्याने मुकाट्याने सोसली होती.

घरातलं मीठ बंद झालं. हे ताट पुढे सारायचे आणि म्हणायचे, वहिनींची आमटी बघ कशी असते. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! शेवटी मी भाजीत सैंधव घालायला लागले, तेही सढळ हाताने. सैंधव उपवासाला चालतं, आमच्या घरात त्याला कधी कुणी मीठ म्हटलंच नव्हतं. हे पुन्हा पोटभर जेवू लागले. आमटीची वाटी मात्र सुटली नाही.

तीन महिन्यांनी सूज तशीच होती. डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवायला मोठा कॅन दिला; दिवसभरात पोटात किती मीठ गेलं, ते त्यावरून कळतं. त्या रविवारीही हे वहिनींकडे जाऊन आलेच. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "भाभीजी, नमक तो अब भी खूब जा रहा है। गुर्दे पहले से कमज़ोर हुए हैं।"

हे गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मला तो चोराचा चेहरा वाटला. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. नवऱ्याचे गुर्दे खालावलेत हे ऐकून मला आनंद झाला, कारण आता ती आमटी पकडली गेली होती.

रिपोर्ट घेऊन मी थेट वहिनींच्या दारात गेले. मनात साठलेलं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि आमटीची वाटी आणून माझ्या हातात दिली. आमसूल, लसणीची फोडणी, ओलं खोबरं. चाखून बघितली तर मिठाचा कण नव्हता.

"त्यांची आमटी मी पथ्य लागल्यापासून वेगळी काढते," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं होतं, बायको एवढं जपते, तिच्या मेहनतीवर पाणी नको." मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही जेवणात काय घालता?"

मी सैंधव म्हणाले.

"अहो, तेही मीठच की."

घरी येऊन मी बरणी रिकामी केली. डॉक्टरांना फोन करून कबुलीही दिली, यांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींकडूनच आमसुलाची पुडी मागून आणली.

पुढच्या कॅनमध्ये मीठ कमी निघालं. डॉक्टरांनी यांच्यासमोर माझं कौतुक केलं, पण गाळण्या जेवढ्या गेल्या तेवढ्या परत येणार नाहीत, हेही सांगितलं. त्यातले तीन महिने माझ्या हातचे.

यांना अजून वाटतं, की तेव्हाचं मीठ ऑफिसच्या कँटीनमधल्या समोशांतलं होतं. वहिनी रोज यांच्याशी बोलतात, आमटी वाढतात, पण सैंधवाचं एका शब्दाने सांगत नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आमटी मला आता त्यांच्यासारखी जमते. हेवा वाटतो तो त्यांच्या या न सांगण्याचा.