पोळ्याच्या तोरणाखाली उभी केलेली गाडी

गाडी घेतली त्याच दिवशी तिच्यात रगत सांडलं. माहं नाही, इकणाऱ्याचं. नागपूरचा माणूस, चष्मेवाला, बोलाले गोड. म्हणला, काका, एक चक्कर मारून पाहा. मी जन्मभर ट्रॅक्टर चालवला. डावा पाय क्लचवर, हे हाडात बसलेलं. या गाडीले क्लचच नाही, अन् हे त्यानं मले दोनदा सांगतलं होतं. मीच ऐकलं नव्हतं. वर्धा रोडवर गाडी अशी सुटली का पाठ शिटात रुतली. समोर ऑटो आला. डाव्या पायानं क्लच समजून जे सापडलं ते दणकन दाबलं. तो ब्रेक निघाला. गाडी जागच्या जागी गाडली. इकणारा पट्टा न लावता माह्याकडं वळून गाडीचे गुण सांगून राह्यलता. त्याचं नाक समोर आपटून फुटलं. पांढऱ्या शर्टावर धार लागली. मी त्याले माहा दुपट्टा देल्ला अन् म्हणलो, "घेतली."

चार दाराची, गडद निळी, परदेशी बनावटीची. जुनी, पण अंगानं शाबूत. लोकाइले वाटते बुढ्यानं दिखाव्यासाठी घेतली. दिखावा कराचा असता तं पुढाऱ्यासारखी उंच पांढरी घेतली असती. तशा गाडीत बसून पाह्यलं मी. बंडीत बसल्यासारखं, उंचावरून डुलत जाचं. मले धावणारी पायजे होती.

कारण मी शंकरपटाचा माणूस. पट म्हणजे बैलजोडीची शर्यत. हलका छकडा, दोन बैल, धुरेवर एकटा माणूस. पापणी लवते तवर पट सरलेला असते. तिसरीतून शाळा सोडली ते या पटापायी. मी धुरकरी चांगला होतो अन् माणूस वाईट. तुतारीचा, म्हणजे बैल हाकाच्या काठीचा, खिळा बैलाच्या पुठ्ठ्यात रुतवून फिरवत होतो. शेपटी दातानं चावत होतो. केळापूरकडच्या एका पटात छकडा उलटला, चाक तोंडावरून गेलं, समोरचे चार दात त्या मातीत राह्यले. उठून पहिलं काम काय केलं? बैलाले मारलं. तोंडातलं रगत त्याच्या पाठीवर पडून राह्यलतं अन् मी मारून राह्यलतो. चौघानं धरलं तवा थांबलो.

माहा लहान भाऊ माह्या उलटा. बैलाशी बोलणारा. जोडी वखरात थकली तं स्वतः बांधावर बसून जाणारा. वाटणी झाली त्या दिवशी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, आमचं लागलं. त्यानं एक शब्द वर केला अन् मी बंडीची उभारी, ते बाजूचं लाकडी दांडकं, उपसून त्याच्या पाठीत घातली. तीन महिने तो वाकून चालला. मांगून बोलणं सुरू झालं, पण मी कधी म्हणलो नाही का चुकलं. वावर अर्धं-अर्धं झालं, घर अर्धं-अर्धं झालं. मान तेवढा वाटता येत नाही. तो थोरल्याचा, म्हणजे माहा.

मान पोळ्याचा. आमच्या गावात पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानाचं तोरण बांधते. साऱ्या गावाचे बैल तिथी रांगेत उभे राह्यते. सगळ्यात समोर आमच्या घरचा बैल. त्याच्या शिंगावर लाकडाचं मखर, मखरावर पेटते टेंभे. तो तोरण तोडून जाते तवा पोळा फुटते, मंग बाकीचे हालते. बाप तसाच चालला, बापाचा बाप तसाच चालला. सरपंच कोणीबी असो, आमदार पाहुणा असो, त्या घडीले आमच्या समोर कोणी नाही. मले जिंदगीत दुसरी कोणती इज्जत भेटली नाही. म्हणून ही सोडाची नव्हती.

पण माह्या दावणीचा शेवटचा बैल त्या उन्हाळ्यात मेला. वावराले ट्रॅक्टर होता, नवी जोडी घेतली नाही. हैदराबादच्या सडकेत वावराची पट्टी गेलती, तिचा मोबदला आला अन् त्यातून गाडी आली. रिकाम्या गोठ्यात ठेवली. इतकी बसकी का उंबरठ्याचा दगड पोटाले घासे. पहार घेतली अन् तो दगड उपटून फेकला. बुढी, म्हणजे माही बायको, म्हणे, घरचा दगड उपटू नये. मी उपटला.

पारावर मजाक झाली. बुढ्यानं घोरपड पाळली म्हणे. कोणी म्हणे, काकाजी, बसाले पहिले लेटा लागते काय. मी म्हणलो, कळंबचा चिंतामणी जमिनीच्या खाली बसला आहे, पायऱ्या उतरून जा लागते. त्याले कोणी बसका म्हणते काय बे? गाडीची पूजाबी तिथीच नेऊन केली. येताना पांढरकवड्याच्या समोर मोकळ्या सडकेवर पाय दाबला. एक रानडुक्कर आडवं आलं. मी पाय उचलला नाही. डुक्कर थोडक्यात सुटलं, अन् बुढीनं घरी येतवर दाराची दांडी सोडली नाही.

पोळा पंधरा दिवसावर आला तवा भाऊ घरी आला. ओट्यावर बसला, चहा पेला, मंग मुद्द्यावर आला. गावाचा नियम त्याले माहीत, मले माहीत: ज्याच्या दावणीले बैल नाही त्याचा मान नाही. त्याच्याजवळ जोडी होती, लेकरासारखी वाढवलेली. म्हणला का त्यातला मोठा बैल तू घे, मखर तूच बांध, कासरा तूच धर, मी मांगून चालीन. सरळ मनानं बोलला तो. मले तेच झोंबलं. ज्याची पाठ मी फोडली तो मले मान उसना देऊन राह्यलता.

मी म्हणलो, उसन्या बैलावर मान घ्याले मी भिकारी नाही. बुढी दारातून हळू म्हणली, "घ्या ना जी, भाऊच तं होय." मी तिच्याकडं असं पाह्यलं का ती आत गेली. भाऊ उठला, चपला घातल्या, निघून गेला. मांगून समजलं का गावानं त्यालेच सांगतलं, थोरल्याजवळ बैल नाही तं यंदा तू समोर हो.

पोळ्याच्या दिवशी मी गाडी धुतली. मेलेल्या बैलाची झूल टपावर टाकली. आरशाले घुंगरमाळ बांधली. अन् दिवस कलला तवा गाडी नेऊन तोरणाखाली आमच्या जागेवर लावली, तोंड गावाकडं, मांगं साऱ्या गावाचे बैल. लोकं पहिले हासले. मंग झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात एकानं म्हणाची अन् साऱ्यानं महादेवाच्या नावानं ओरडाचं, ही आमची रीत. एकानं लगेच जुळवली:

"दावण रिती, गोठ्यात डब्बा,
पेट्रोल पेते, शेणाचा नाही पत्ता,
असा बैल कोणी पाह्यला का बा?"

अन् साऱ्यानं हर हर महादेव केलं. मी दाराले टेकून उभा होतो. दाढी कुरवाळून राह्यलतो, पण कान तापले होते.

तेवढ्यात भाऊ आला. मोठा बैल, शिंगावर मखर, टेंभे पेटवलेले. त्यानं बैल गाडीच्या समोरून आणला, बॉनेटच्या बाजूले उभा केला.

"दादा, गाडी काढ," तो म्हणला. "बैल बुजते."

मी म्हणलो, मान घराण्याचा असते, बैलाचा नसते.

"पोळा तं बैलाचा असते ना?"

"मंग चढव तुह्या बैलाले सातबाऱ्यावर."

दोन-चार जण हासले. तिथी मी थांबलो असतो तं झालं असतं. पण हासण्यानं मले जोर आला अन् मी म्हणलो, "पाठ सरळ झाली वाटते तुही."

त्याचं तोंड पांढरं पडलं. इतक्या वर्षात त्या माराचं नाव आमच्या दोघाइच्या तोंडून निघालं नव्हतं. त्यानं कासरा मनगटाले गुंडाळला, हात मोकळा केला अन् बाजूच्या माणसाच्या हातातली तुतारी घेतली. स्वतःच्या बैलाले त्यानं कधी तुतारी लावली नाही. खिळा बॉनेटवर टेकवला अन् ओढत ओढत दारापर्यंत नेला. पत्र्याचा तो आवाज दातात गेला. मले वाटलं माहं कातडं सोलून राह्यला.

मी गाडीत बसलो.

गिअरच्या दांड्यापाशी एक बटण आहे. ते दाबलं का गाडीचा आवाज बदलते. पाय दाबून सोडला का मांगून बंदुकीसारखे बार निघते. मले ते माहीत होतं. मांगं बैल आहे हे माहीत होतं, बाजूच्या बैलाच्या डोक्यावर इस्तो पेटलेला आहे हे माहीत होतं. गाव आजबी म्हणते का बुढ्याले गाडी समजली नाही, हात चुकला. हात चुकला नाही. मी तीनदा दाबून सोडलं.

मांगची सारी रांग फुटली. बैल माणसावर, माणसं बैलावर. एक म्हातारा नालीत पडला, त्याच्यावरून गोऱ्हा गेला. मले हे आरशात दिसलं. समोरचं पाहाले वेळच भेटला नाही. भावाचा बैल सरळ वर उठला अन् बॉनेटवर आला. मखर फुटलं, टेंभ्याचा इस्तो अन् तेल काचेवर पसरलं. मंग पुढचा पाय काचेतून आत आला अन् खूर माह्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं मले ऐकू आलं. बैल पाय उपसून राह्यलता, काच त्याच्या मांसात शिरून राह्यलती, गरम रगत माह्या तोंडावर उडून राह्यलतं. त्याची झूल पेटलती. कासरा भावाच्या मनगटाले. बैलानं अंग टाकलं तसा भाऊ ओढल्या गेला, गाडीच्या चाकापाशी आपटला, अन् बैल त्याच्या गुडघ्यावर पडला.

तोरण कोणी तोडलं माहीत नाही. त्या धांदलीत खाली आलं अन् तुडवल्या गेलं.

बैल मेला नव्हता. पाय दोन जागी मोडून लोंबत होता. ढोराचा डॉक्टर येतवर भावानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. स्वतःचा गुडघा उघडा पडलाय, तिकडं पाहेना. त्याले दवाखान्यात न्याले लोकाइनं उंच गाडी आणली, तो म्हणे, पहिले याचं होऊ द्या. डॉक्टरनं पाहून मान हलवली, सुई भरली. भाऊ बैलाच्या कानात काहीतरी बोलत होता. सुई दिल्यावरबी बराच वेळ बोलत होता. मी गाडीत खांदा धरून बसलेला, दार उघडत नव्हतं, अन् कोणीबी ते उघडाले आलं नाही. शेवटी बुढीनं पहारीनं उघडलं.

ठाण्यातून जमादार आला तवा भावाचा जबाब दवाखान्यात घेतला. त्यानं लिहून देल्लं का पोळ्यात बैल बुजला. माहं नाव नाही, गाडीचं नाव नाही. मले ती खबर समजली तवा मी शिव्या देल्या. तक्रार केली असती तं मी उभा राह्यलो असतो. बोललो असतो, लढलो असतो. त्यानं मले लढाले जागाच ठेवली नाही.

गावाची बैठक झाली. मी गेलो नाही. मान लहान्याले देल्ला, अन् गाडी पोळ्याच्या दिवशी गोठ्याबाहेर काढाची नाही असं ठरवलं. माहा खांदा वाकडा जुळला. गाडीची काच नवी टाकली. दारापर्यंतची रेघ मिस्त्री भरून देतो म्हणत होता, मी म्हणलो, राहू दे. गाडी इकली नाही. लोकं म्हणे इक, अपशकुनी आहे. अपशकुनी गाडी नव्हती.

वर्षभर भाऊ बोलला नाही. सडकेवर समोरून लंगडत आला तं धुऱ्यानं उतरून जाये.

मंग पुढचा पोळा आला. मी घरातच बसलो. हर हर महादेवची आरोळी ऐकू आली तवा समजलं, तोरण तुटलं. पोळा फुटल्यावर बैल घरोघरी जेवाले जाते, अन् मानाच्या बैलानं पहिले थोरल्या घरी जा लागते. मले वाटलं तो येणार नाही. दाराले कडी लावलती. घुंगराचा आवाज दारापाशी थांबला अन् बुढीनं मले न इचारता कडी काढली.

भाऊ काठी टेकत आला. सोबत जोडीतला उरलेला बैल, मखर बांधलेला. बुढीनं बैलाचे पाय धुतले, कुंकू लावलं, अन् पुरणपोळीचं ताट माह्या हाती देल्लं. मानाच्या बैलाले घरच्या कर्त्यानं भरवाचं असते. मी समोर झालो. पोळी धरली.

बैलानं कान मांगं टाकले. नाकातून फुस्स केलं. मी अजून एक पाऊल टाकलं, तं त्यानं डोकं खाली घेऊन असं झटकलं का शिंगाचं टोक माह्या हाताले कोपरापर्यंत चिरत गेलं. ताट धरून राह्यलो, सोडलं नाही. भाऊ काठी टाकून मधात शिरला, दोन्ही हातानं कासरा खेचला.

"पोळी खाली ठेव, दादा," तो म्हणला. वर्षातलं पहिलं बोलणं. "अन् दूर हो."

मी ताट खाली ठेवलं. दोन पावलं मांगं सरलो. बैल डोळे माह्यावरून काढेना.

"अजून," भाऊ म्हणला.

जिंदगीत मी कोणाच्या सांगण्यानं मांगं सरलो नव्हतो. बापाच्या नाही, पाटलाच्या नाही. हातातून रगत ठिबकून राह्यलतं. मी अजून सरलो, गोठ्याच्या भिंतीले पाठ लागेपर्यंत. तवा बैलानं तोंड खाली केलं अन् खाल्लं.