आतून घेतलेलं माप

“पयले खिडकी उघडा,” हे काकूंचं कोणत्याही घरातलं पहिलं वाक्य. चहा नंतर, टेप नंतर. झडपा आत उघडतात की बाहेर, हे पाहिल्याशिवाय त्या पडद्याचं माप घेत नसत.

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. भोपाळहून साहेब लोक येत होते आणि तात्यापाऱ्यातल्या ज्या पडद्यांच्या दुकानात आम्ही कामाला होतो, त्याला दम घ्यायला फुरसत नव्हती. मापं काकू घ्यायच्या, पडद्यांचे पाईप मी ठोकायचो. माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या शहरभर फिरायच्या. माहेर भंडाऱ्याकडचं. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर पुरानी बस्तीत एकट्याच राहत. मूलबाळ नव्हतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. परक्या घरात शिरताना मान खाली, कपाटाकडे नजर नाही, भांडणाकडे कान नाही. मी एखाद्या बंगल्याबद्दल काही बोललो, की म्हणायच्या, “आपल्याले काय करायचं रे? आपण खिडकीपुरते.”

म्हणूनच त्या दुपारी त्यांनी जे केलं, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

एका ठेकेदाराचा नवा बंगला होता. मागच्या खोलीच्या खिडकीला मालकीणबाईंना बाहेरून पक्कं शटर हवं होतं. “उजाला बिल्कुल नहीं आना चाहिए. स्टोर है. नाप बाहर से ले लो.”

आम्ही मागे गेलो. खिडकीला काचेच्या तिरप्या पट्ट्या, त्यावर आतून कागद चिकटवलेला. मी टेपचं टोक वर धरलं. “थोडं डावीकडं घे रे,” काकू म्हणाल्या. तेवढ्यात दोन पट्ट्यांमधून कागद फाटला, बोटं बाहेर आली आणि त्या बोटांनी टेप घट्ट धरली.

“मावशी, मराठी बोलून राहिल्या ना तुम्ही? जाऊ नका.”

माझ्या हातून टोक सुटलं. काकूंनी त्या बोटांवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “कोण गं तू?”

ती त्या घरची थोरली सून. गोंदियाची. नवऱ्याला दुसरं लग्न करायचं होतं, ही सोडचिठ्ठीला तयार नव्हती. पावसाळ्यापासून तिला कोंडलं होतं. माहेरी सांगितलं होतं, डोकं फिरलंय, दवाखान्यात ठेवली आहे.

“ठाण्यात जाऊ,” मी कसाबसा म्हणालो.

“आपण येऊपर्यंत हे लोक तिले इथं ठेवतीन काय?”

घरात मंडळी जेवायला बसली होती. काकू मालकीणबाईंना अगदी शांतपणे म्हणाल्या, “दीदी, शटर का नाप अंदर से लेना पड़ता है. टेढ़ा बैठा तो उजाला आएगा.”

बाई घुटमळल्या. मग किल्ली काढली. “बहू बीमार है. जल्दी करना.”

दार उघडलं. काकूंनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वाळलेल्या पोरीचा हात धरला आणि जेवणाऱ्या माणसांच्या मधून चालू लागल्या.

“ये क्या कर रही हो?”

“नाप हो गया,” काकू म्हणाल्या.

सगळ्यांचे घास हातातच राहिले. मीही दारात खिळलो होतो. “गाडी काढ,” हे त्यांनी दोनदा म्हटल्यावर माझे पाय हलले. तिघं एका स्कूटरवर ठाण्यात गेलो. पोरीचे वडील गोंदियाहून येईपर्यंत काकू तिच्याजवळून उठल्या नाहीत.

ठेकेदाराचा दुकानाच्या मालकाला फोन आला आणि काकूंचं काम सुटलं. “हव, बरं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि घरी ब्लाउज शिवू लागल्या.

काही वर्षांनी, भर उन्हाळ्यात, त्या झोपेतच गेल्या. भाचा वेळेत पोचणार नव्हता. मडकं कोण धरणार, यावर गल्लीतली वडीलधारी मंडळी खल करत होती. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. स्टेशनवरून थेट आलेली, खांद्याला पिशवी. पहाटे गोंदियाला फोन करून मीच कळवलं होतं, तरी मीही तिला क्षणभर ओळखलं नाही.

“मडकं मी धरते,” ती म्हणाली.

“तुम्ही कोण लागता यांच्या?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“मुलगी.”

म्हाताऱ्यानं बाजूला होऊन वाट दिली. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, मडकं उचललं आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी चालू लागली. आम्ही सगळे पुरुष तिच्या मागे.