गेटवर ठेवून घेतलेला नारळ

निर्मला गेल्यापासून या ब्लॉगवर काही लिहिलेलं नाही. कुठं जायचं ते ती ठरवायची. मी तिकिटं काढायचो, आणि परत आल्यावर रस्ता कसा होता, जेवण कुठं बरं मिळालं हे इथं लिहायचो. तिला जाऊन दहा महिने झाले. या वेळी कुठं जायचं हेही तिनंच ठरवून ठेवलं होतं, फक्त ती बरोबर नव्हती.

तिचं माहेर धाराशिव जिल्ह्यातलं ईट. तिथली तिची शाळेपासूनची मैत्रीण शकू (हे तिचं खरं नाव नाही) लग्न होऊन त्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली आणि एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर एकदा ईटला हळदीकुंकवात निर्मलाने तिच्यापुढं ओटीचं ताट धरलं. घरातल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. शकू स्वतःच उठून बाहेर गेली. निर्मलाने ते कधी विसरलं नाही. मागच्या वर्षी शकू नगराध्यक्षपदाला उभी राहणार असं कळलं, तेव्हा निर्मला दवाखान्यात होती. फोनवर तिला म्हणाली, "निवडून आलीस तर खुर्चीवर बसायच्या दिवशी तुझी ओटी मी भरणार. सगळ्यांसमोर. मग बघू कोण काय म्हणतं." शकू निवडून आली तेव्हा निर्मला नव्हती. कपाटात हिरवा खण घडी करून ठेवलेला होता. पदग्रहणाची तारीख पेपरात वाचली आणि मी रजा टाकली.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाकी माहिती देतो, कुणाला त्या भागात जायचं असेल तर उपयोगी पडेल.

पुण्याहून सकाळी लवकरची भूमची एसटी मिळाली. टेंभुर्णीपर्यंत हायवे आहे, काही सांगण्यासारखं नाही. कुर्डुवाडी, बार्शी करत गाडी पुढं जाते. बार्शीच्या पुढं रस्ता काही ठिकाणी उकरलेला होता, पाठदुखी असेल तर मागची सीट घेऊ नका. ज्वारी कापून झाली होती, शेतं मोकळी होती. भूमला उतरलं की खवा भट्ट्यांचा आटलेल्या दुधाचा वास येतो. स्टँडजवळ पेढा चांगला मिळतो. निर्मला दर वेळी अर्धा किलो घ्यायची आणि ईटला पोहोचेपर्यंत त्यातला पाव किलो कमी व्हायचा. मी अर्धा किलोच घेतला आणि तो तसाच्या तसा पोहोचला.

ईटला मेव्हणा दत्ता आणि वहिनींकडे मुक्काम केला. रात्री शेंगोळे होते. मी खण काढून दाखवला आणि ओटीत काय काय लागतं ते वहिनींना विचारलं. त्यांनी खण हातात घेऊन घडी पुन्हा सारखी केली.

"दाजी, हे बायांचं काम हाय," त्या म्हणाल्या. "अन् शकूताईला… कसं करणार तुमी?"

"तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही भरा."

"मला न्हाय जमायचं. सासूबाई हायत्या घरात."

दत्ता हसत म्हणाला, "मंत्री येणार हाय म्हणं उद्या. लई बंदोबस्त हाय. पोलीस धरतील दाजीला नारळासकट."

तरी सकाळी वहिनींनी सगळं बांधून दिलं: तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ, हळदीकुंकवाच्या दोन पुड्या. पिशवी हातात देताना म्हणाल्या, "आधी हळद, मग कुंकू, मग ओटी. तांदूळ दोन्ही ओंजळीनं घालायचे. पण तुमी नका भरू. तिथं कुणी सवाष्ण बघा."

ईटहून त्या गावाला एसटीने दीड तास लागला. गावाच्या अलीकडंच गाडी थांबवली, पुढं चालत जायचं होतं. मुख्य रस्त्याला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले होते. राखीव पोलिसांची निळी गाडी शाळेच्या मैदानात उभी होती. दुकानं अर्ध्या शटरवर होती. निवडणुकीत दोन गटांत मारामारी झाली होती, त्यामुळं जास्त काळजी घेतली असं चहावाला म्हणाला. एक मोठा हार क्रेनला टांगलेला होता आणि एक पोलीस त्याचा दोर ओढून बघत होता. एक कुत्रं आणलं होतं, ते फुलांच्या टोपल्या हुंगून शिंकत होतं.

नगरपरिषदेच्या आवारात मांडव होता. गेटवर तपासणीची चौकट आणि दोन रांगा. माझ्या पुढं धोतर नेसलेले एक आजोबा होते. त्यांची काळी छत्री पोलिसाने काढून घेतली.

"काळं काही आत न्यायचं नाही, बाबा."

"ऊन हाय म्हणून छत्री हाय, साहेब. माझा काय निषेध हाय का कुणाला?"

"असेल तरी घरी ठेवा."

"घरी मालकीण ऐकून घेत न्हाय," आजोबा म्हणाले आणि रांगेतले लोक हसले.

माझी पिशवी तपासायला एक महिला पोलीस होत्या, तिशीच्या आतल्या. त्यांच्या खुर्चीशेजारी नारळांचा ढीग होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, लायटर होते.

"काका, नारळ इथं ठेवावा लागेल. लोक फेकून मारतात."

मी काढून दिला.

"या पुड्या कशाच्या?"

"हळदीकुंकू."

"पूड पण चालत नाही. कुठंतरी मागं पाहुण्यावर टाकली होती, तेव्हापासून बंद हाय." त्यांनी खण उलगडून बघितला, तांदूळ बोटांनी चाळले. मग थांबल्या. "ओटी हाय ही. कुणाची?"

"नवीन अध्यक्षांची."

"पण त्या तर…" त्यांनी मागच्या रांगेकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "भरणार कोण?"

"माझी बायको."

"कुठं हायत त्या?"

मी खणाची घडी घालायला घेतली. मागून लोक ढकलत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. खिशातून मार्कर काढला.

"ढिगात सापडायचा नाही नंतर. नाव सांगा त्यांचं."

मी सांगितलं. त्यांनी नारळाची शेंडी बाजूला करून करवंटीवर 'निर्मला' लिहिलं आणि तो ढिगात न टाकता स्वतःच्या खुर्चीवर ठेवला. पुड्याही तिथंच ठेवल्या. "पाहुणे गेले की या. देते."

मंत्री दोन तास उशिरा आले. तोपर्यंत मांडवात खूप उकडलं. शेवटच्या रांगेतून स्टेज लहान दिसत होतं आणि मध्ये पोलीस उभे होते. पुढं जायचा प्रयत्न केला तर एकाने हाताने मागं सारलं. शकू मधल्या खुर्चीवर होती. पांढरी, राखाडी काठाची साडी, डोक्यावर बांधलेला फेटा तिला मोठा होत होता. दोन नगरसेविका औक्षणाचं ताट घेऊन ओळीने पुढं आल्या. मंत्र्यांना कुंकू लावलं, आमदारांना लावलं, माजी अध्यक्षांना लावलं. शकूसमोर ताट थांबलं. एकीने तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि दोघी पुढच्या माणसाकडं सरकल्या. टाळ्या चालूच होत्या. हे मांडवात आणखी कुणाच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. शकूने फेटा सरळ केला.

भाषणात ती पाणी आणि गटारीबद्दल बोलली. चांगलं बोलली.

गाड्यांचा ताफा गेल्यावर बंदोबस्त सैल झाला. पोलीस सावलीला बसून पुरीभाजी खात होते. मी गेटवर गेलो. खुर्ची रिकामी होती. महिला पोलीस धावतच आल्या.

"काका, माझं चुकलं. जेवायला गेले होते. अध्यक्षांच्या दालनाच्या दारात फोडायला नारळ पाहिजे होता, कार्यालयाचा नारळ पण सकाळी आम्हीच गेटवर काढून घेतलेला. ऐनवेळी शिपाई पळत आला, अन् ढीग सोडून माझ्या खुर्चीवरचाच उचलला. वेगळा ठेवलेला बघून त्याला वाटलं, पूजेचा हाच."

"फोडला?"

"व्हय. मॅडमच्या पायापुढं." त्यांनी दोन्ही पुड्या माझ्या हातात दिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांना असू दे म्हणालो. खरं तर मला राग आला नव्हता. निर्मलाचा नारळ शकूच्या दारात फुटला होता, आणि तो नेमका कुणाचा ते कुणालाच कळलं नव्हतं, असं मला वाटलं.

दालनात पाचसहा माणसं होती. त्या दोन नगरसेविका सोफ्यावर बसून खोबरं खात होत्या. शकू खुर्चीवर होती, फेटा काढून बाजूला ठेवलेला. टेबलावर पुष्पगुच्छांच्या मध्ये नारळाची अर्धी करवंटी होती. लिहिलेली अक्षरं माझ्या बाजूला होती.

"या, भावजी," ती म्हणाली. उठून उभी राहिली. "दारात फुटला तवा मीच उचलला. म्हटलं, हे कुणी लिहिलं. मग वाटलं तुमीच आला असणार. अक्षर तिचं न्हाय, पण नाव तर तिचंच."

मी पिशवी टेबलावर ठेवली. खण काढला, तांदूळ काढले, पुड्या काढल्या. शकूने सगळ्याकडं बघितलं आणि एका हाताने पदर सारखा केला.

"कोण भरणार?" तिने विचारलं. मग म्हणाली, "तुमी भरता का, भावजी?"

तिने ते गमतीने विचारलं नव्हतं. पदराचं टोक तिच्या हातात होतं. मी सोफ्यावरच्या दोन बायकांकडं बघितलं. वहिनींनी सांगितलं होतं, कुणी सवाष्ण बघा. त्यातली एक खाली बघत होती, दुसरी मोबाईल बघत होती. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार नसेल. तेवढ्यात एक लिपिक सहीची फाइल घेऊन आत आला, "मॅडम, हे आजच्याच तारखेत पाहिजे."

शकूने पदर सोडला. "ठेवा इथं," ती मला म्हणाली. खण, तांदूळ, पुड्या तिने एकत्र उचलून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि तो बंद केला. करवंटी एका वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिली, वर खोबऱ्याचा तुकडा. "जेवून जावा, भावजी." मग ती सही करायला बसली.

जेवलो नाही. धाराशिवची गाडी मिळाली, तिथं मुक्काम केला आणि सकाळी तेरला गेलो, कारण निर्मलाच्या यादीत ते होतं. धाराशिवहून तेरला गाड्या बऱ्याच आहेत. विटांचं जुनं मंदिर शांत आहे, सकाळी गेलात तर कुणी नसतं. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. तेरणा नदीला पाणी कमी होतं. करवंटी तिथं सोडावी असं मनात आलं होतं, पण सोडली नाही. खोबरं परतीच्या एसटीत खाल्लं.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. प्रवासाचा खर्च फार नाही, एसटी आणि जेवणच. करवंटी स्वयंपाकघरात फळीवर आहे. मार्करची शाई जात नाही. मागच्या रविवारी शकूचा फोन आला होता. टँकरचं काय चाललंय ते सांगत होती. शेवटी म्हणाली, "भावजी, ड्रॉवरमधल्या तांदळाला किडे लागलेत. तांदूळ तेवढे बदलले मी. बाकी तसंच हाय." मी बरं म्हणालो. तिने आणखी थोडा वेळ फोन धरून ठेवला होता.

गेटवर अडवलं, नारळ गेला, स्टेजपर्यंत जाता आलं नाही, हे सगळं लोकांना सांगायला सोपं आहे आणि मी ऑफिसात तसंच सांगितलं. पण दालनात कुणीही अडवलं नव्हतं. तिने विचारलं होतं. निर्मला असती तर तिने कुणाकडं बघितलं नसतं.

वहिनींना फोन करून पुन्हा विचारून घेतलं आहे. आधी हळद, मग कुंकू, मग ओटी, तांदूळ दोन्ही ओंजळीनं. या वेळी त्यांनी सवाष्णीचं काही सांगितलं नाही. नगरपरिषद कामाच्या दिवशी सहापर्यंत उघडी असते आणि गेटवर कुणी नसतं, असं दत्ताने चौकशी करून कळवलं.

नारळ आणला आहे. तिकीट अजून काढलेलं नाही.