मामेसासऱ्यांची कट्यार

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही वस्तू विकत आणली नाही आणि स्वतः केलेली एकही वस्तू पहिल्या फटक्यात धड झाली नाही. यातल्या पहिल्या गोष्टीचा त्यांना अभिमान आहे आणि दुसरीचा त्याहून जास्त. "विकतचं" हा शब्द ते ज्या तोंडानं उच्चारतात, त्या तोंडानं इतर माणसं "नासलेलं" म्हणतात. भाचजावई तेवढा तयार आणावा लागला, आणि त्याबद्दल ते अजूनही माझ्याकडे जरा संशयानंच बघतात.

वालूरला त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकायची, मामा तिच्यात नवी तांब्याची तार भरून देणार. या कामात त्यांचा हात धरणारा माणूस जिंतूरपासून सेलूपर्यंत नाही, असं लोक सांगतात. पण जे काम उत्तम येतं त्यात मामांना रस नव्हता. त्यांचा जीव रमायचा तो न येणाऱ्या कामात. घरचा कूलर त्यांनी स्वतः बनवला होता. उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलेला पाहुणा दुसऱ्यांदा अंघोळ झाल्याशिवाय परतत नसे. गॅस पेटवायचा लायटर त्यांनी बनवला, त्याचा झटका गॅसपेक्षा माणसाला आधी बसायचा. मामी शेगडीपुढं उभ्या राहिल्या की देवाचं नाव घेतात, ते भक्तीपोटी असावं असं मला बरेच दिवस वाटत होतं. अधिक महिन्यात नवा जावई म्हणून मी वाण घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला स्वतः केलेल्या घडीच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीनं माझ्यासकट घडी घातली. मामी धावल्या, बायको ओरडली. मामा मात्र कानावरची पेन्सिल काढत म्हणाले, "उठू नका, उठू नका जावईबापू. कुठनं मोडली ते बघू द्या आधी." मी पाच मिनिटं तसाच पडून होतो. त्यांनी मोजमाप घेतलं, वहीत लिहिलं आणि मगच मला हात दिला.

या सगळ्याचा खरा मार बसला तो त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, महेशला. तो पाचवीत गेला तेव्हा मामांनी त्याला दप्तर शिवून दिलं, पाण्यातल्या पंपाबरोबर येणाऱ्या जाड कापडाचं. शिलाई अशी की दप्तर आजही फाटलं नसतं. फक्त कापडावरची छापील अक्षरं नेमकी पाठीवर, बाहेरच्या बाजूला आली होती : "पाच अश्वशक्ती". दहावीपर्यंत महेशला शाळेत त्याच्या नावानं कुणी हाक मारली नाही. पोरं त्याला "पाच एचपी" म्हणायची, एक मास्तरसुद्धा म्हणायचे. दहावीनंतर महेश शिकायला बाहेर पडला, इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरीला लागला आणि त्यानं आयुष्यात सगळं विकत घ्यायचं ठरवलं. बापलेकात भांडण असं कधी झालं नाही. बोलणं मात्र कमी होत होत "जेवलास का" आणि "हो" एवढ्यावर आलं.

गेल्या वर्षी महेशचं लग्न ठरलं, मुलगी जिंतूरची. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेली. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत ती हातातून सोडायची नाही. महेशनं फोनवर सांगितलं, "आबा, कट्यारीचं टेन्शन घेऊ नका. मंडपवाला भाड्यानं आणतो." मामांनी फोन ठेवला आणि मामींना म्हणाले, "भाड्याची कट्यार घिऊन उभा राहणार व्हय माझा पोरगा?" मामींनी कपाळाला हात लावला. नंतर त्या मला म्हणाल्या, "लग्नाला तीन महिने हायत म्हणून बरं. न्हाईतर ह्यांनी मंडपातच भट्टी पेटवली असती."

पातं करायला मामांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगचा जुना पाटा घेतला. तापवून, ठोकून पात्याचा आकार दिला आणि लालभडक पातं पाण्याच्या बादलीत बुडवलं. टच्च असा आवाज आला आणि पात्याला मधोमध तडा गेला. दुसरं पातं त्यांनी तेलात बुडवलं, आणि तेल कुठलं, तर मामींनी वर्षाचं भरून ठेवलेलं करडईचं. वास असा सुटला की शेजारच्या दोन बाया भज्यांचा अंदाज घेऊन गेल्या. हे पातं तडकलं नाही, पण केळीसारखं वाकलं. थंड झाल्यावर मामा ते सरळ करायला गेले आणि पात्याचे दोन तुकडे झाले. तिसऱ्या वेळी गावातल्या लोहारानं आपण होऊन सांगितलं की तेलातून काढल्यावर पोलादाला पुन्हा थोडी धग दाखवावी लागते, नाहीतर ते काचेसारखं राहतं. "मी विचारलं न्हाई हां, त्यानं सांगितलं," हे मामांनी मला दोनदा बजावून सांगितलं. तिसरं पातं टिकलं. मग कानशीनं घासताना डावी कड जरा जास्त गेली, म्हणून उजवी घासली, ती जास्त गेली, म्हणून पुन्हा डावी. दोन बोक्यांच्या लोण्याचा न्याय माकडानं जसा केला, तसा मामांनी त्या पात्याचा केला. शेवटी चार बोटं पातं कमी झालं. मी ते हातात घेऊन बघायला लागलो तर म्हणाले, "लिंबासाठी हाय जावईबापू, वाघासाठी न्हाई."

कट्यारीची मूठ सुरीसारखी नसते. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आडवी दांडी. त्या दांडीवर मूठ आवळायची, म्हणजे पातं थेट मुठीच्या पुढं येतं. मामांनी घरातल्या जुन्या हंड्याच्या जाड पितळी झाकणातून पट्ट्या कापल्या आणि त्यांच्यावर वेल कोरायला घेतली. वेलीची पानं पहिल्या पट्टीवर पिंपळाची आली आणि दुसरीवर, का कोण जाणे, सोयाबीनची. तेही चाललं. पण त्या वेलीत फुलं म्हणून खडे बसवायचे होते. मामांच्या आईच्या गळ्यातली सोन्याची पेटी कधीकाळी मोडली होती, तिचे सहा लाल खडे आणि मधला एक पाचू मामींनी कापसात गुंडाळून डबीत जपले होते. मामींनी डबी दिली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ह्याच्यावर तरी शिकू नका."

मामांनी पाचू आधी बसवला, सुंदर बसवला. मग त्यांच्या लक्षात आलं की त्याचं कोंदण एका बाजूनं पट्टीपासून सुटलंय. म्हणून त्यांनी पाचू आत असतानाच त्या जागी डाक लावून सांधायला ज्योत धरली. पाचूच्या कोपऱ्यात केसाएवढी पांढरी रेघ उमटली.

मला मामींचा फोन आला. "जावईबापू, येऊन जा एकदा. दोन दिस झाले, खटखट बंद हाय. आवाज असला तर डोकं उठतं, अन् न्हाई तर जीव लागंना झालाय."

मी परभणीहून स्कूटरवर गेलो. दुकानात मामा स्टुलावर बसले होते, समोर कट्यार. भरायला आलेल्या चार मोटारी तशाच पडल्या होत्या. "मायचा खडा होता," ते म्हणाले. मग कट्यार माझ्याकडं सरकवून, "मला येत न्हाई हे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. वही, पेन्सिल कुठं दिसत नव्हती. एरवी या माणसाच्या चुकांवर मी घरभर सगळ्यांना हसवत फिरतो, त्या दिवशी दुसरं स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसलो. मी म्हणालो, "परभणीला एक खडे बसवणारे चाचा हायत. जुने कारागीर. विचारून तरी बघू." मामा म्हणाले, "मी कुणाला विचारत नसतो." आणि कट्यार रुमालात गुंडाळून माझ्या स्कूटरवर मागं बसले.

चाचांचं दुकान म्हणजे एक फळी, एक दिवा आणि चष्मा. मामांनी कट्यार फळीवर ठेवली आणि माझ्याकडे बोट करून सांगितलं, "आमच्या जावयानं केलंय. नवीन हाय. चुकलंय त्याचं."

मी नोकरीत कागदापलीकडे काही हाताळलेलं नाही. चाचांनी माझी स्वच्छ बोटं पाहिली, मग मामांची भाजलेली, काळी, चिरलेली बोटं पाहिली. तेही जाणतेच होते. "अच्छा," ते मला म्हणाले आणि पुढचा अर्धा तास माझं नाव घेऊन मामांकडे बघत बोलले. "जावई साब, आग का काम पहले पूरा करना. नग, म्हंजे खडा, बैठने के बाद आग नक्को. तुम जल्दी किए." मामांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. "और नग को दबाते नै, बिठाते. एक बाजू जरासी, फिर सामने की बाजू जरासी." मामा पटकन बोलून गेले, "म्हंजे मोटारीच्या झाकणाचे बोल्ट आवळतो तसं! समोरासमोर!" चाचा हसले. "हाँ. तुमारे जावई समझ गए."

उमटलेली रेघ आता जाणार नव्हती. पण चाचांनी पाचू काढला, उजेडात धरून हळूहळू फिरवला आणि दाखवलं की कोपरा दुसऱ्या बाजूला घेतला तर रेघ कोंदणाच्या कडेखाली जाते. त्यानंतर आठ दिवस मामा सकाळच्या एसटीनं परभणीला येत राहिले. चाचा काचेचे मणी द्यायचे, मामा ते बसवायचे, फोडायचे, पुन्हा बसवायचे. संध्याकाळी एसटीवर सोडायला मी त्यांना घ्यायला गेलो की चाचा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "जावई साब, आज तुमारा काम अच्छा हुआ." नवव्या दिवशी मामांनी चाचांच्या पॉलिशच्या यंत्राची जळकी मोटार मांडीवर घेऊन भरून दिली. आणि मग सातही खडे स्वतःच्या हातानं बसवले. पाचूची रेघ दिसत नव्हती. कुठं आहे हे ठाऊक असलेल्या आम्हा तिघाचौघांनाच ती दिसायची.

हळदीच्या दिवशी दुपारी ती कट्यार महेशच्या हातात दिली. तोंडाला, हाताला हळद माखलेला महेश पाटावर बसला होता. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि मूठ आत घालायला गेला. मूठ जाईना. मामांनी माप स्वतःच्या मुठीचं घेतलं होतं. पोराचा हात आपल्याहून मोठा झालाय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी हातात धरून पाहिला नव्हता.

मंडपवाला भाड्याची कट्यार घेऊन उभाच होता. मला वाटलं, आता महेश ती घेईल, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नसतं. मामा खाली बघून म्हणाले, "तापवून पट्ट्या फाकवता आल्या असत्या. पण खडे बसलेत. आग चालत न्हाई." मग थांबून, "आतनं कानशीनं घासता येईल. पण शिकंज्यात आवळून धरली तर खडे निसटतील. कुणीतरी हातात धरायला पायजे."

महेश पाटावरून उठला. "मी धरतो," म्हणाला.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळं हळद लागलेल्या नवरदेवानं उंबरा ओलांडायचा नसतो, असं मामींना ओरडता आलं नाही. तरी त्या ओरडल्याच. महेशनं ओल्या गमछ्यात पातं गुंडाळून दोन्ही हातांनी धरलं, मामा अर्धगोल कानस घेऊन समोर बसले. दहा-वीस हात मारायचे आणि म्हणायचे, "घाल मूठ." महेश मूठ घालायचा. "कुठं अडतंय?" "करंगळीकडं." "काढ." पुन्हा कानस. असं तासभर, दीड तास चाललं. पितळेचा कीस महेशच्या पिवळ्या हातांवर पडत होता आणि दिसत नव्हता. मी दारात उभा होतो, पण मी असल्या-नसल्याचं दोघांनाही काही नव्हतं.

एकदा कानस थांबवून मामा म्हणाले, "ते दप्तर. अक्षरं आतल्या अंगाला घ्यायला पायजे होती. शिवून झाल्यावर ध्यानात आलं. उसवायचा कटाळा केला मी. चुकलं ते."

महेश मान खाली घालून पातं धरून बसला होता. "लय मजबूत होतं पण," तो म्हणाला. आणि पातं पुन्हा सरळ धरून, "घाला कानस, आबा. अंगठ्यापाशी राहिलंय थोडं."

चार वाजायच्या सुमाराला मूठ बसली.

जिंतूरला लग्न दणक्यात झालं. कुणीतरी कट्यारीचं कौतुक करून "कुठनं घेतली?" असं विचारलं, तेव्हा महेश म्हणाला, "घेतली न्हाई, आबांनी केलीय." मामा तेव्हा जवळच होते, पण त्यांचं लक्ष मंडपवाल्याच्या जनरेटरच्या आवाजाकडे होतं. निदान त्यांनी तसं दाखवलं.

महेश कट्यार पुण्याला घेऊन गेला. मागं मी कामानिमित्त त्याच्या घरी मुक्कामाला होतो, रविवार होता. सकाळी नऊला मामांचा फोन आला, महेशनं तो स्पीकरवर घेतला. कशी आहे तब्येत, पाऊस आहे का, सूनबाई काय करतात, यातलं काही नाही. एकदम विचारलं, "खडा हालायलाय का रे?" महेशनं फोन टेबलावर ठेवला, आतल्या कपाटातून कट्यार आणली, कानाशी धरून हलवली. मग सातही खड्यांवरून एकेक करून अंगठा फिरवला. त्याची बायको चहा गाळता गाळता मला म्हणाली, "दर रविवारचं आहे हे."

"न्हाई आबा," महेश फोनवर म्हणाला, "एकबी हालत न्हाई."

पलीकडे मामांना बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही. मग म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी बघू."